सहादूची गार पेटी

पेल्टिअरची टाइल मागायला आलेलं गिऱ्हाईक मी दुकानाची पायरी चढतानाच ओळखतो. आदल्या दिवशी त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिलेला असतो. त्यात कुणीतरी बिस्किटाएवढ्या पांढऱ्या टाइलला बॅटरीच्या दोन वायरी जोडतो, वर पाण्याचा थेंब सोडतो आणि थेंबाचा बर्फ होतो. झालं. गिऱ्हाइकाला वाटतं, आता फ्रिज आणि एसी भंगारात काढायचे. नाशिकला द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत माझं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि गल्ल्यावर बसून मी प्रत्येकाला तेच रडगाणं ऐकवतो. बाबा रे, ही टाइल गारवा तयार करत नाही. ती एका बाजूची उष्णता उचलते आणि दुसऱ्या बाजूला नेऊन टाकते, वर स्वतःचीही थोडी घालते. एक बाजू गार पडते तेव्हा दुसरी हात भाजेल इतकी तापते. ती तापलेली बाजू तू कशाने निववणार, ते आधी बोल. यावर बहुतेकजण माझ्याकडे असे बघतात, जणू मला धंदाच करायचा नाही. टाइल नेतात, जाळतात आणि परत येऊन म्हणतात, "पगारे भाऊ, माल डुप्लिकेट निघाला."

सहादू अहिरेनेही पहिली टाइल जाळली. पण तो परत आला तेव्हा त्याने मालाला नावं ठेवली नाहीत, एवढ्याच कारणासाठी मी त्याला चहा पाजला. आज त्याच्या गावात, नामपूरला, त्याचं नाव काढलं की लोक म्हणतात, तो का, आईवर प्रयोग करणारा? हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. सहादूने मला हात जोडून सांगितलं होतं की खरं काय ते कुणाला बोलू नका. म्हातारी होती तोवर मी गप्प बसलो. आता मी बोलणार आहे. त्याला वाईट वाटलं तर वाटू दे.

सहादू देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, कपाटांना कुलपं लावायची आणि सरांनी सांगितलेलं सामान टेबलावर मांडायचं. पन्नाशीला आलेला काटकुळा माणूस, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. त्याला नाद एकच, काहीतरी जोडत बसायचं. घरातली बेल त्याने अशी केली होती की बटण दाबलं की आधी दिवा लागायचा, मग बेल वाजायची, आणि तोवर पाहुणा कंटाळून दार वाजवायचा. त्याची बायको अंजली म्हणायची, "ह्यांच्या हाती मिक्सर दिला तर चटणी होईल, पण परवा." मी खूप हसायचो. सहादूही हसायचा. पण टाइलच्या मागे लागला तेव्हा तो हसण्यावारी नेत नव्हता, कारण गोष्ट त्याच्या आईच्या इंजेक्शनांची होती.

आई, गोजराबाई, नामपूरला राहायची. नवरा गेल्यावर घराचे दोन भाग झाले. पुढचा पक्का भाग थोरल्या मुलाकडे, कारभारीकडे गेला. तो कांद्याचा व्यापारी, अंगणात त्याची कांदा साठवायची मोठी चाळ, बायको मंगलाबाई, घरात दोन दारांचा फ्रिज. मागची पत्र्याची खोली म्हातारीने स्वतःहून मागून घेतली. सहादू आणि अंजली तिला कॅम्पात आणायला किती वेळा गेले, पण ती यायची नाही. साखरेचा आजार जुना होता आणि रोज सकाळी इन्सुलिन टोचून घ्यावं लागे. स्वतःच टोचायची, न चुकता. ते इन्सुलिन गारव्यात ठेवावं लागतं. उन्हाळ्यात नामपूरला खोलीत पत्रा तापतो तेव्हा ते चार दिवस टिकत नाही. गोठलं तरीही वाया जातं. आणि खराब झालेलं इन्सुलिन दिसायला पाण्यासारखंच स्वच्छ असतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

आधी बाटल्या कारभारीच्या फ्रिजात असायच्या. म्हातारी पहाटे उठून पुढच्या घरात जायची आणि हळूच फ्रिज उघडायची. काही दिवस कुणी काही बोललं नाही. मग एकदा मंगलाबाई म्हणाली, "आत्या, रोज पहाटे फ्रिज उघाडतस, आम्हनी झोपमोड व्हस." म्हातारीने जायची वेळ बदलली. मग आंब्याच्या दिवसांत रसाची पातेली ठेवायला जागा हवी म्हणून कुणीतरी बाटल्या वर बर्फाच्या कप्प्यात सरकवल्या. गोठल्या. टाकून द्याव्या लागल्या. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्यानंतर म्हातारीने त्या फ्रिजाला हात लावायचं सोडलं. सहादूला म्हणाली, "मी त्यासना फ्रिजमा नही ठेवसू. मरनू तरी चाली." मेले तरी चालेल, पण तिथे नाही.

मी सहादूला सरळ सांगितलं, छोटा फ्रिज घेऊन दे. त्याचं म्हणणं, खोलीतली वीज कारभारीच्या मीटरवरची, आणि मंगलाबाई येताजाता ऐकवणार. कारभारीचं म्हणणं, घरात एवढा फ्रिज असताना दुसरा कशाला, लोक काय म्हणतील. शिवाय तिकडे वीज गेली की गेलीच. म्हणून सहादूने ठरवलं, पत्र्यावर सोलरचं पॅनल, खाली बॅटरी आणि तिच्यावर चालणारी एक लहान गार पेटी. कुणाचं मीटर नको आणि कुणाचं बोलणं नको. खरं सांगतो, मला ते पटलं. टाइलचा खरा उपयोग अशा इवल्याशा कामालाच असतो. लोक तिच्यावर खोली गार करायला निघतात.

पुढचे काही महिने तो शाळा सुटली की माझ्याकडे. पेटी त्याने औषधवाल्याकडून आणली, लशी येतात ती जाड थर्माकोलची. टाइलच्या तापणाऱ्या बाजूला जुन्या कॉम्प्युटरमधलं हीटसिंक बसवलं, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा पात्यापात्यांचा ठोकळा, आणि त्यावर पंखा. पहिल्यांदा त्याने टाइलला पूर्ण बारा व्होल्ट दिले. गार झाली छान, पण बॅटरी दुपारपर्यंत आडवी. मी म्हटलं, अरे, बाराची टाइल आहे म्हणजे बारा द्यायलाच पाहिजेत असं नाही. सहा-सातावर चालव. गारवा थोडा कमी येईल, पण वीज कितीतरी कमी खाईल आणि तुला काय आइस्क्रीम करायचंय? मग त्याने तो टकटक करणारा रिले लावला. आत गार झालं की बंद, गरम झालं की चालू. तेही चुकीचं. टाइल बंद झाली की हीटसिंकमधली उष्णता तिच्यातूनच उलटी आत शिरते, आणि सारखं तापून-निवून टाइलच्या आतले बारीक टाके सुटतात. शेवटी त्याने असा कंट्रोलर जोडला की टाइल बंदच होत नाही. आत गार असलं की करंट कमी, आत उबदार व्हायला लागलं की करंट जास्त. आम्ही दोघांनी मिळून तो लावला आणि पेटी माझ्या काउंटरवर बारीक घरघर करत बसली तेव्हा सहादू तिच्याकडे बाळंतिणीने पाळण्याकडे बघावं तसा बघत होता.

पेटीच्या पुढे दोन दिवे होते. आत नीट गार असेल तर हिरवा, नाहीतर लाल. म्हातारीला आकडे वाचता येत नव्हते म्हणून दिवे. एप्रिलभर त्याने पेटी कॅम्पातल्या घराच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत चालवून बघितली. आत पाण्याची बाटली, बाटलीत थर्मामीटर. हिरवा दिवा एकदाही हलला नाही. त्याने लोडशेडिंगचा विचार केला होता. उंदरांचा केला होता, वायरी लोखंडी नळीतून नेल्या होत्या. पेटीच्या बाहेर साचणाऱ्या दवाचासुद्धा केला होता. मे लागला आणि तो पेटी मांडीवर घेऊन एसटीने नामपूरला गेला.

गोजराबाईला पेटी भयंकर आवडली. साऱ्या गल्लीतल्या बाया येऊन बघून गेल्या. "मना सहादूनी बनाडेल शे," म्हातारी सगळ्यांना सांगायची. त्या खोलीत तिची म्हणावी अशी ती एकच नवी वस्तू होती. सहादू आठवड्याआड रविवारी जायचा, जाण्याआधी फोन करायचा, आणि गेला की पेटी पुसून लख्ख, हिरवा दिवा, आत गार. परत आला की माझ्या दुकानात येऊन बढाई मारायचा. मी म्हणायचो, आता पेटंट घे. तो लाजायचा.

आता काय झालं ते सांगतो, आणि असं आपल्या लोकांशिवाय दुसरं कुणी करणार नाही.

मे महिना म्हणजे अंगणात कांदा निवडायचे दिवस. सकाळी कामकरी बाया येऊन बसल्या की चाळीतून कांद्याची सुकी फोलपटं उडायला लागतात. ती दारातून, खिडकीतून, भेगांतून आत येतात. गोजराबाईने बघितलं की पेटीच्या मागचा पंखा ती फोलपटं आत ओढून घेतोय. तिचा जीव कळवळला. पोराने एवढ्या कष्टाने केलेली वस्तू, तिच्यात कचरा जातोय. आपल्या घरांत काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, शिलाईच्या मशीनला कव्हर. माझ्या बायकोने तर रिमोटलासुद्धा प्लॅस्टिक घातलंय. म्हातारीने एक जुनं लुगडं काढलं, आतून नवऱ्याच्या धोतराचं अस्तर लावलं, कडेला झालर शिवली आणि पेटीला अंगभर घट्ट कव्हर केलं. सकाळी इन्सुलिन टोचून झालं, अंगणात बाया आल्या, की कव्हर चढवायची. संध्याकाळी दिवेलागणीला झाडून काढलं की कव्हर उतरवायची. रात्रभर पेटी उघडी, म्हणून पहाटे ती बाटली घ्यायला जायची तेव्हा आत गारच असायचं. आणि सहादू येणार असला की कव्हर आधीच घडी करून ट्रंकेत. पाहुण्यासमोर वस्तू झाकून ठेवत नाहीत. तो तर करणारा.

कव्हर घातलं की पंख्याला हवा मिळायची नाही. हीटसिंक तापायचं. उष्णता टाइलमधून आत शिरायची. आत गरम झालं की कंट्रोलर बिचारा अजून करंट द्यायचा, कारण आम्हीच त्याला तसं शिकवलं होतं. जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता, आणि वर मे महिन्याच्या दुपारचं कडक ऊन पॅनलवर, म्हणजे विजेला तोटा नाही. गार पेटीची दुपारभर भट्टी व्हायची. लाल दिवा आत पेटत असायचा, लुगड्याखाली. महिन्याच्या सगळ्या बाटल्या रोज दुपारी शिजायच्या आणि पहाटेपर्यंत पुन्हा गार होऊन बसायच्या.

म्हातारीची साखर वाढायला लागली. सटाण्याच्या डॉक्टरांनी डोस वाढवला. तरी वाढलीच. अजून वाढवला. डॉक्टरांनी विचारलं, गोड खाता का? म्हातारी नाही म्हणाली. सोबत मंगलाबाई होती. ती म्हणाली, "गूळ खातस त्या. मी देखेल शे." डॉक्टरांनी कुणाचं ऐकायचं? कागदावर तर साखर चढलेली दिसत होती. मग कारभारी ओरडला. शेजारणी हसून म्हणायला लागल्या की ह्या वयात जिभेचे चोचले सुटत नाहीत.

आणि सहादूही ओरडला. मी समोर होतो. कारभारीने फोन करून त्याला सांगितलं होतं, म्हणून त्याने माझ्या काउंटरवरूनच आईला लावला. दुकानात गिऱ्हाइकं होती, तो ते विसरला. "आई, तू चोरीसन गूळ खास का? डॉक्टर काय खोटं बोलस?" तिकडून म्हातारीचा बारीक आवाज, "नही रे भाऊ. मी काहीच नही खादं." तो म्हणाला, "मंग साखर कशी चढस? इंजेक्शन रोज लेस ना?" लेस, म्हणाली. पेटी चालू आहे का? चालू आहे, हिरवा दिवा आहे. ती खरंच सांगत होती, संध्याकाळ झाली होती आणि दिवा खरंच हिरवा होता. सहादूने फोन आपटला. मला म्हणाला, "म्हातारी माणसं लहान मुलांसारखी वागतात, पगारे भाऊ. पेटीत काही दोष नाही, मी परवाच बघून आलो." मीही मान डोलावली. मला काय माहीत.

त्या दिवसापासून गोजराबाईने अर्धी भाकरी खायला सुरुवात केली. भात सोडला. चहा सोडला, कारण बिनसाखरेचा चहासुद्धा प्यायला बसली की कुणीतरी वाकून बघायचं. हे नंतर शेजारणीने सांगितलं, तीच शेजारीण जी हसली होती. ज्या बाईने गुळाचा खडा तोंडात घातला नव्हता, ती सगळ्यांना पटावं म्हणून उपाशी राहायला लागली. वजन उतरलं तर लोक म्हणाले, बघा, पथ्य केलं की कसा फरक पडतो. मला हे आठवलं की अजून संताप येतो आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

पुढे चाळीतली तार पायाला लागली. अंगठ्याला एवढंसं खरचटलं. अशा साखरेत जखम भरत नाही. आधी चिघळली, मग अंगठा काळा पडला, मग पाऊल. ती कुणाला बोलली नाही. बोलली असती तर पुन्हा गूळ निघाला असता. ताप चढला तेव्हा कारभारीने गाडीत घालून नाशिकला आणलं आणि एका इस्पितळात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, वेळ लावू नका.

तिचे कपडे आणि आधार कार्ड आणायला सहादू नामपूरला गेला. या वेळी त्याचा फोन घ्यायला खोलीत कुणी नव्हतं. दुपारच्या वेळी त्याने कुलूप काढलं. कोपऱ्यात झालरीचं कव्हर घातलेलं काहीतरी होतं. क्षणभर त्याला ओळखू आलं नाही. अंगात ताप असताना, गाडी दारात उभी असताना, म्हातारीने निघायच्या आधी पेटी झाकली होती. त्याने हात लावला आणि काढून घेतला. कव्हर उचललं तर लाल दिवा.

दुसऱ्या दिवशी तो पेटी आणि ते कव्हर घेऊन माझ्याकडे आला. पेटी पायरीवर उन्हात मांडली, बॅटरी जोडली, हिरवा दिवा लागू दिला आणि कव्हर चढवलं. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. मी वायरवर मीटर लावला होता. करंट हळूहळू चढत गेला, चढत गेला, थेट टोकाला जाऊन बसला. कव्हर वर केलं तर लाल. झाकण उघडलं तर आतून वाफारा तोंडावर आला. मी म्हटलं, "सहादू, आता तरी सगळ्यांना सांग. म्हातारीने गूळ खाल्ला नव्हता." तो म्हणाला, "ते सांगणारच."

त्याने आधी डॉक्टरांना खरं सांगितलं, ताजं इन्सुलिन सुरू झालं, साखर खाली आली. पाय काही वाचला नाही. तो काढल्यावर म्हातारी जरा शुद्धीत आली तेव्हा मी डबा घेऊन वॉर्डात गेलो होतो. कारभारी आणि मंगलाबाई पलंगाशी होते. सहादू उशाशी जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, तू गूळ खादा नव्हता. औषधच खराब व्हयेल व्हतं. मी पेटीना दोन वायरी उलट्या जोडेल व्हत्या. गारना जागी गरम व्हये."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. वायरी उलट्या जोडल्या की टाइलची गार बाजू गरम होते, हे खरं आहे. खोटं बोलायचं तर तेही पठ्ठ्याने शास्त्राला धरून.

म्हातारीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काय आलं सांगू? आनंद. "देखा," ती मंगलाबाईला म्हणाली, "मी सांगे ना, मी नही खादा." डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चोर नाही हे एवढ्या महिन्यांनी कुणीतरी मान्य केलं होतं. मंगलाबाई पदर सारखा करत म्हणाली, "मी तं पहिलेच सांगेल, फ्रिजमा ठेवा." गुळाबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

मग म्हातारीचा हात चादरीवरून खाली गेला, जिथे पाय असायला हवा होता तिथे. तिने सहादूला विचारलं, "पण हिरवा दिवा तं लागे ना रे?"

"तोबी मी चुकीना जोडेल व्हता," सहादू म्हणाला.

कारभारी त्याच्या अंगावर धावून गेला. "आईले काय बेडूक समजना का तू? शाळामा करस तसा प्रयोग करना?" नर्स मध्ये पडली. म्हातारीने भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर मी सहादूचा हात धरला. असलं खोटं का बोललास, असं विचारलं. तो म्हणाला, "तिला मी चोर म्हटलं होतं, पगारे भाऊ. सगळ्यांसमोर. आता त्याच तोंडाने सांगू की तुझा पाय तू शिवलेल्या कव्हरने गेला? ते कव्हर तिने माझ्या पेटीसाठी शिवलं." मी म्हटलं, चूक तिचीही नाही आणि तुझीही नाही, तिला समजावून सांगता येईल. तो म्हणाला, "तिला समजेल, हीच तर भीती आहे." मग त्याने हात जोडले आणि मला गप्प राहायला सांगितलं. मला तेव्हा पटलं नाही. आजही पटत नाही. आईला एवढं जपलं, पण आईचा मुलगा तिच्या डोळ्यांसमोर मारून टाकला. त्याला जपणं हेही तिलाच जपणं नव्हतं का? पण भांडायची ती वेळ नव्हती आणि आई त्याची होती.

गोजराबाईला कारभारीच्या पुढच्या खोलीत पलंग मिळाला. इन्सुलिन दोन दारांच्या फ्रिजात गेलं. भेटायला माणसं आली की मंगलाबाई सगळ्यांसमोर फ्रिज उघडून बाटली काढायची आणि सुई भरून द्यायची. गावात तिचं नाव झालं. सहादू पूर्वीसारखाच जायचा. त्याने नेलेली फळं म्हातारी बाजूला ठेवायला सांगायची. त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणायची, ठेव तिथे, मंगला देईल. भांडली कधीच नाही. फक्त त्याच्या हातचं काही घेतलं नाही.

गणपतीनंतर एकदा सहादू मला म्हणाला, चला माझ्याबरोबर, एकट्याने जायला नको वाटतं. मी दुकान बंद ठेवून गेलो. मनात एक होतं, तिथे गेल्यावर संधी साधून म्हातारीला खरं सांगून टाकायचं. सहादू रागावला तर रागावला. म्हातारी पलंगावर उशाला टेकून बसली होती, हाताच्या काड्या झालेल्या. सहादू दाराशी स्टुलावर बसला. तिने मला निरखून बघितलं.

"तुम्हीच का ते दुकानवाला? टाइली इकतस ते?"

"हो मावशी. पगारे."

तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. हात गरम होते. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो. मावशी, ऐका, वायरी बरोबर होत्या. एवढंच म्हणायचं होतं. पण ती आधी बोलली.

"मंग मनं एक ऐका, भाऊ. मना पोऱ्याले आते ते काहीच इकू नका. तो वाईट नही शे. जीव लावस. पण तेना हातले यश नही."

मी सहादूकडे बघितलं. तो ऐकत होता. मी तोंड उघडलं, तर त्याने स्टुलावरूनच मान हलवली, नाही म्हणून. मग मोठ्याने म्हणाला, "आई सांगस तशे करा, पगारे भाऊ."

म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती. तिला शब्द हवा होता. मी म्हटलं, "नाही विकणार, मावशी." तिने माझा हात सोडला आणि समाधानाने उशीवर मान टेकली.

दिवाळीच्या आधी ती गेली. सहादू अजून द्वारकेवरूनच जातो, कॅम्पाची बस तिथेच लागते. माझ्या गल्लीत वळत नाही. मागच्या महिन्यात मीच धावत जाऊन त्याला गाठलं आणि म्हटलं, ये ना, नवीन माल आलाय, नुसता बघ. तो म्हणाला, "नको. माझ्या हाताला यश नाही. आईला खरंच वाटायचं तसं." मी म्हटलं, अरे पण तुला तर माहीत आहे ना खरं काय ते. त्याने बसकडे बघितलं आणि म्हणाला, "माहीत होतं. आता मलाही तसंच वाटतं."